कमी पेट्रोलात कुलाबा

आमच्या घरात त्या काळी जिच्या खाण्यापिण्याची सगळ्यांत जास्त काळजी केली जाई, ती मी नव्हते आणि पाळण्यातला माझा भाऊही नव्हता. ती खाली, चाळीच्या तोंडाशी, सार्वजनिक नळाच्या पलीकडे उभी असायची. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली, दोनतीन मालकांच्या हातून आमच्याकडे आलेली ती जुनी पिकअप. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्यासाठी गिरणीतली साच्यावरची, म्हणजे मागावरची, कायमची जागा सोडली होती. लालबागमध्ये त्या दिवसांत कुणी बायको सोडली असती तरी एवढी चर्चा झाली नसती. त्यांची जागा लगेच दुसऱ्यानं घेतली, त्यामुळे परतायची वाट बंद. आता जे काही होणार होतं ते त्या चार चाकांवरच, आणि ती चारही चाकं गोटा झालेली होती.

काम मात्र बरं मिळालं होतं. शिवडीच्या एका बर्फाच्या कारखान्यातून लाद्या भरायच्या आणि कुलाब्याच्या कोळीवाड्यात पोचवायच्या. बोटी किनाऱ्याला लागायच्या आत बर्फ तिथे हवा, नाहीतर मासळी उतरते. कारखान्याचे शेट खेपेमागे ठरावीक पेट्रोल द्यायचे. त्याच्या वर जे जळेल ते गाडीवाल्याच्या पदरचं. ही अट अण्णांनी आनंदानं मान्य केली, कारण तेव्हा त्यांना गाडी चालवता येत होती, पण गाडी पिते किती हे माहीत नव्हतं. ते महिन्याभरात कळलं. आई म्हणायची, "ही पेट्रोल पिता नाय, पेट्रोलान आंघोळ करता."

गाडीला माणसात आणायचं काम बाबलमामानं अंगावर घेतलं. बाबलमामा आईचा धाकटा भाऊ, आमच्याच खोलीत पोटमाळ्यावर राहायचा आणि गिरणीत रात्रपाळी करायचा. दिवसा झोपायच्या ऐवजी तो गाडीच्या खाली आडवा पडायचा. आडवं पडण्याशी मतलब. फिटरच्या हाताखाली काही काळ काढल्यामुळे यंत्र या विषयावर त्याचं मत प्रत्येक वेळी पक्कं असे, आणि प्रत्येक वेळी वेगळं. तो गाडीला "पेशंट" म्हणायचा. रविवारी सकाळी कार्बोरेटर खोलून वर घरात आणला जाई आणि आईच्या पितळी परातीत रॉकेलमध्ये बुडवून ठेवला जाई. त्याच परातीत एरवी तांदळाच्या भाकऱ्यांचं पीठ मळलं जायचं. सोडा घाला, चिंच लावा, राखेनं घासा, वास जायचा नाही. त्या काळातलं आमचं सुकट, आमची कुळथाची पिठी, सगळ्याला मागून एक रॉकेलचा सूर असे. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी जेवण असं लागतं. पुढे एका मैत्रिणीकडे जेवले तेव्हा काहीतरी घालायचं राहिलंय असं वाटलं.

"बाबल्या मेल्या, ही परात माझ्या आवशीन लग्नात दिल्यानी हा," आई ओरडायची.

"अगो ताये, आवशीनंच दिली ना? मग माझो पण अर्धो हक्क आसा," मामा परातीतून डोकं न काढता म्हणायचा.

पहिल्यांदा त्यानं गाडीचं वजन उतरवलं. जादा चाक काढून पोटमाळ्यावर ठेवलं, म्हणजे मामाच्या उशाशी. मागचं फळकूट काढलं, तिथे सुंभ बांधला. मग चाकांत हवा टणक भरली, इतकी की गाडी दगडावरून जाताना लादीवर लादी आपटून बर्फाचा चुरा व्हायचा. मग अण्णांना चालवायचे नियम घालून दिले. पाय दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. उतार आला की इंजीन बंद करून गाडी सोडून द्यायची. अण्णा चपला काढून चालवायला लागले, म्हणजे पेडलवर अंगठ्याचा भार किती पडतो ते कळेल. भायखळ्याला मागून येणारी ट्रामसुद्धा घंटा बडवून कंटाळायची.

पेट्रोल थोडं वाचलं, हे खरं. पण गाडी बैलगाडीच्या चालीनं निघाल्यावर मागचा बर्फ काही थांबणार नव्हता. भुसा आणि गोणपाट कितीही घातलं तरी ऊन ते ऊन. शिवडी ते कुलाबा आमच्या गाडीमागे रस्त्यावर पाण्याची एक धार पडत जाई. कोळीवाड्यात बर्फ उतरवून घ्यायला जानकीबाई नावाची तांडेलीण, म्हणजे बोटीच्या म्होरक्याची बायको, उभी असायची. धिप्पाड, नऊवारी कासोटा, आवाज असा की समुद्रही क्षणभर थांबेल. ती गोणपाट उचलून बघायची आणि म्हणायची, "काय रं, बरफ आनलास का पानी? पानी आमच्याकडं हाय की, ह्यो बघ सगला समिंदर भरलाय!" बचत केलेल्या पेट्रोलपेक्षा वितळलेला बर्फ महाग पडतोय, हे आमच्या घरात फक्त आईच्या लक्षात आलं होतं; पण तिला गाडीतलं काय कळतं, असं दोन्ही पुरुषांचं एकमत होतं. दोघांचं एकमत व्हायचं ते अशाच गोष्टींवर.

आता माझ्याकडे स्वतःची गाडी आहे. लाल दिवा लागला की मी इंजीन बंद करते, आणि शेजारी बसलेला नवरा सुस्कारा टाकतो. हा रोग घराण्यातला आहे, त्याला इलाज नाही.

शेवटी कारखान्याकडून निरोप आला. शेटचे मेहताजी, म्हणजे हिशेब पाहणारे कारकून, स्वतः येऊन म्हणाले की पेट्रोल जास्त द्या हे अण्णांचं रडगाणं आता पुरे. एक दिवस चाचणी घ्यायची. शिवडीला टाकीत काठी घालून पेट्रोल पाहायचं, झाकणावर लाखेचा शिक्का मारायचा, भरलेली गाडी कुलाब्याला जाऊन रिकामी परत आली की शिक्का फोडून पुन्हा काठी घालायची. पेट्रोल ठरल्याप्रमाणे पुरलं तर काम अण्णांचं. नाही पुरलं तर एक दुसरा गाडीवाला तयारच होता. अण्णांनी मान डोलावली आणि घरी येऊन जेवले नाहीत. काम गेलं तर गाडीचं करायचं काय आणि आमचं काय?

मामा मात्र खुलला. त्यानं जाहीर केलं की दोष जेटमध्ये आहे. जेट म्हणजे कार्बोरेटरमधली पितळेची चिमुकली तोटी, जिच्या भोकातून इंजिनाला पेट्रोल जातं. भोक मोठं तर पेट्रोल जास्त. आणि भोक मोठं झालंच होतं, कारण दर रविवारी मामा ते आईच्या गोधडीच्या सुईनं साफ करत होता. हे त्याला कुणी म्हटलं नाही. तो स्वतःच म्हणाला, "कुणीतरी सुई घालून पार वाट लावल्यानी हा ह्याची," आणि वर त्या अज्ञात माणसाला एक शिवीही हासडली. नवा जेट मिळणं कठीण, आणि लष्करी गाडीचा तर अशक्यच. तेव्हा मामा तो घेऊन गेला आमच्या गल्लीतल्या सोनाराकडे. सोनारानं भोक डाक वितळवून बुजवलं आणि नथीतला मोती विंधायच्या कामठ्यानं नवं पाडलं. मोत्याला पाडतात तेवढं. सोनारानं काम चोख केलं. त्याला नथ कळत होती.

नवा जेट घालून गाडी सुरू झाली तेव्हा तिचा आवाजच बदलला. पूर्वी ती गुरगुरायची, आता ती कुजबुजायला लागली. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णा म्हणाले, "अरे, पण हिच्या अंगात बळ खय?" मामा म्हणाला, "भावोजी, बळ आणि पेट्रोल दोन्ही पायजे कसा चलात?"

चाचणीचा दिवस उजाडला आणि नेमका त्याच दिवशी हरताळ. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव अख्खं रस्त्यावर उतरणार होतं. गिरण्यांचे भोंगे वाजले, पण आत कुणी गेलं नाही. ते भोंगे फार एकाकी वाटत होते. शाळा बंद होती. अण्णांनी दिवस बदलून मागितला. मेहताजी म्हणाले, बोटींना हरताळ नसतो. तेही खरंच होतं. अण्णा स्वतः पक्के चळवळीचे. घरात त्यांचं आणि मामाचं भांडण व्हायचं ते फक्त कुणाचा महाराष्ट्र जास्त मोठा यावरून. हरताळात गाडी काढायची म्हणजे तोंडाला काळं. न काढायची म्हणजे काम जाणार. आईनं निर्णय दिला. "शालनला संगती न्या," ती म्हणाली. "बाजूक पोर बसलेली दिसली तर कोण धोंडो मारूचो नाय." त्या वर्षांत मुंबईत गोळ्याही चालल्या होत्या आणि आईला ते चांगलं माहीत होतं, तरीही तिनं मला धाडलं. मी तिला याबद्दल कधी विचारलं नाही. माझ्याकडे दुसरा उपाय असता तर विचारलं असतं.

शिवडीला मेहताजींनी काठी घातली, झाकणावर लाख ओतली, शिक्का दाबला. खरं म्हणजे त्यांनी गाडीत बसून बरोबर यायचं ठरलं होतं, पण रस्त्यावर मोर्चा आहे हे ऐकून त्यांचं पोट बिघडलं. तेव्हा शिक्क्यावर भरवसा ठेवून आम्ही दोघंच निघालो. लालबागपर्यंत कुजबुजत आलो. चिंचपोकळीला गाडी खोकू लागली. भायखळ्याच्या पुलाचा चढ सुरू झाला, अर्ध्यावर गेलो, आणि गाडीनं एक लांब उसासा टाकून प्राण सोडला. नथीच्या भोकातून तेवढा बर्फ चढावर नेण्याएवढं पेट्रोल येतच नव्हतं. अण्णांनी हँडल मारून मारून पाहिलं. ब्रेकवरची गाडी मागे सरकू नये म्हणून मी खाली उतरून चाकामागे दगड लावला. मागून घोषणांचा आवाज येऊ लागला, आणि थोड्याच वेळात मोर्च्याचं तोंड पुलाला लागलं.

पुढच्या रांगेत आमच्याच गल्लीतली पोरं होती. त्यांतला दत्ता, मंडळाचा चिटणीस, गाडी ओळखून पुढे धावला.

"अण्णा, तुम्ही? आज? गाडी काढलीत?"

"बर्फ आसा रे," अण्णा मान खाली घालून म्हणाले. "कोळ्यांचो."

"कोळी मराठीच ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"मग काय गुजराथी?"

"मग सोडा रे त्यांना!"

"सोडतो, पण ती जातेय कुठे? मेलीय ती."

दत्तानं गाडीभोवती एक फेरी मारली. मोर्च्यातल्या बायकांच्या रांगांना कडेनं आधार म्हणून पोरांनी मंडळाचा दोर आणला होता. हा तोच दोर, ज्यानं दरवर्षी आमच्या गल्लीतला गणपती चौपाटीपर्यंत ओढत नेला जायचा, मनगटाएवढा जाड. लालबागच्या पोरांना एखादी अवजड गोष्ट रस्त्यात अडलेली दिसली की त्यांचे हात आपोआप दोर शोधतात. त्यात विचार नसतो. मी वर चढून बसेपर्यंत दोर पुढच्या बंपरला बांधूनही झाला होता. अण्णांनी गाडी न्यूट्रलला टाकली. कुणीतरी सवयीनं "गणपती बाप्पा" म्हणून ओरडलं, पन्नास जणांनी "मोरया" केलं, मग आपण कशासाठी आलोय हे आठवून सगळ्यांनी "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" असं एका दमात म्हटलं, आणि आमची पिकअप पूल चढू लागली. तिच्या आयुष्यात ती एवढ्या जोरात कधी चढली नव्हती.

पूल उतरल्यावर अण्णा म्हणाले, "आता बस रे पोरांनू, सपाटीक चालू होतली." पण पोरांना आता ती सोडवेना. मोर्च्याला एक उंच जागा हवीच होती. झेंडा गाडीवर चढला, मग झेंडा धरणारे चढले, मग एक पुढारी चढले. पुढाऱ्यांना खाली बर्फ आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. चौकात मोर्चा थांबला, त्यांनी वहाणा काढल्या, गोणपाटावर उभे राहिले आणि "बंधूंनो आणि भगिनींनो" अशी संथ सुरुवात केली. दुसऱ्या वाक्यापर्यंत थंडी तळव्यांत शिरली असावी. ते या पायावरून त्या पायावर होऊ लागले. लोकांना वाटलं आवेश आहे, टाळ्या पडल्या. एवढं छोटं भाषण त्यांनी त्याआधी किंवा नंतर कधी केलं नसेल. खाली उतरताना ते अण्णांना म्हणाले, "फार गार आहे हो तुमची गाडी."

अशा रीतीनं आम्ही भायखळ्यापासून बोरीबंदरपर्यंत गेलो. पुढे पोलिसांनी मोर्चा अडवला. एका अंमलदारानं गोणपाट उचलून बर्फ पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि आम्हाला वाट करून दिली. दत्तानं दोर सोडून खांद्यावर टाकला. गाडी सपाटीवर निमूट सुरू झाली, जणू सगळा दोष पुलाचाच होता. पोरं ओढत होती ती धावत ओढत होती, त्यामुळे आम्ही कोळीवाड्यात रोजच्या आधीच पोचलो. जानकीबाईनं गोणपाट उचललं आणि लाद्या कडकडीत पाहून संशयानं विचारलं, "आज खरा बरफ कुठला चोरून आनलास रं?" परतीला गाडी रिकामी होती, पूल ती धापा टाकत पण स्वतःच्या पायांनी चढली.

शिवडीला मेहताजींनी शिक्का तपासला. अखंड होता. काठी घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. मग ती काठी हातात उभी धरून ते शेटच्या खोलीत गेले.

अण्णांनी तिथल्या तिथे खरं सांगितलं. घरी मामा यावर चिडला, पण अण्णा तसेच होते. "शेट, गाडी पोरांनी ओढली. भायखळ्यापासून. दोरानं."

शेट हसले. चांगला माणूस होता, जाडजूड, तोंडात कायम बडीशेप. "अरे भाई, बर्फाची गाडी? माणसं ओढणार? कुलाब्यापर्यंत?"

"बोरीबंदरपर्यंत."

"फुकट?"

"फुकट."

या शब्दावर शेटचा अजिबात विश्वास बसला नाही. त्यांना वाटलं की अण्णांना गाडीत काहीतरी गुपित गवसलंय आणि पेट्रोल कमी करतील या भीतीनं ते दडवताहेत. त्यांनी काठीवर त्या दिवशी जळलेल्या पेट्रोलाची खूण करायला सांगितली. उद्यापासून खेपेला एवढंच मिळेल. एक दिवस जमलं ते रोज का नाही?

म्हणजे चाचणी आम्ही जिंकलो होतो आणि म्हणूनच बुडालो होतो. त्या खुणेएवढ्या पेट्रोलात गाडी रोज कुलाब्याला न्यायची तर रोज मोर्चा काढावा लागला असता. चळवळीत उत्साह होता, पण एवढा नव्हता. घरी फक्त मामा खूश होता. मामाला मनापासून वाटत होतं की हे जेटनं केलं, दोर हे निमित्त. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "शेटीक गाडी एवढी गुणाची वाटता, तर तेकाच विका."

अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. "आणि मी?"

"तुमी चालवा. पगार घ्या. पेट्रोल किती पिता ता मगे तो बघीत."

"माझी गाडी आसा ती."

"गाडी तुमची आसा," आई म्हणाली, "म्हणानच आमी उपाशी."

अण्णांनी आणखी एकदा शेटला जाऊन सगळं पुन्हा सांगितलं, दत्तालाही साक्षीला नेलं. त्यानं शेटची खात्रीच पटली की हे प्रकरण दिसतं त्याहून मोठं आहे, आणि गाडीला त्यांनी देऊ केलेली किंमत वाढली. गाडी शेटची झाली. रंगाऱ्यानं गाडीच्या दारावरचं अण्णांचं नाव खरवडलं. त्याच्या वरचं देवीचं नाव शेटनं तसंच राहू दिलं. देवीशी वाकडं नको. नव्या मालकानं पहिल्याच आठवड्यात कुठूनतरी अस्सल जेट मिळवून बसवला, कारण पूल तर चढायला हवा. गाडी पुन्हा गुरगुरू लागली आणि काठी कोरडी निघू लागली. शेटनं अण्णांना बोलावून विचारलं, "ही तीच गाडी?" अण्णा म्हणाले, "गाडी तीच शेट. दोर तेवढो मंडळाक परत दिलो."

त्यानंतर अण्णा चपला घालून, पाय दाबून गाडी चालवू लागले. बर्फ वेळेवर पोचायचा, जानकीबाईचं तोंड बंद झालं, आणि दर महिन्याला पगार आईच्या हातात यायचा. आम्ही दोन वेळा जेवू लागलो. अण्णा "गाडी" म्हणायचे. "माझी गाडी" म्हणणं त्यांनी सोडलं. आईनं ते ऐकलं होतं, मला माहीत आहे, पण ती त्यावर काही बोलली नाही. मीही तिच्यासारखीच आहे. बोलून पेट्रोल मिळत नाही.

महाराष्ट्र झाला. आदल्या दिवशी दत्ता आणि पाचसहा पोरं धावत वर आली. सगळ्या लालबागमध्ये पताका लागल्या होत्या, ढोल वाजत होते, खाली एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. "अण्णा, मिरवणुकीला गाडी काढायची! झेंडा तुमच्याच गाडीवर!"

अण्णा कोनाड्यापाशी दाढी करत होते. वस्तरा थांबला. "शेटीक विचारूक व्हया," ते म्हणाले.

पोरं हसली. त्यांना वाटलं थट्टा आहे. मग हसणं हळूहळू बंद झालं. अण्णांनी उरलेली अर्धी दाढी पुरी केली, सदरा चढवला आणि भर उन्हात चालत शिवडीला गेले. परत आले तेव्हा आम्ही सगळे दारातच होतो.

"दिली," अण्णा म्हणाले. "हार पण शेट स्वतःच्या खर्चानं घालतो म्हणालो. फक्त माका म्हणालो, पेट्रोल जरा जपून जाळ."

हे सांगताना अण्णा हसले. पोरंही हसली आणि जिन्यावरून दणदण खाली पळाली. आई हसली नाही. तिनं अण्णांना पाणी दिलं, आणि ते पिऊन होईपर्यंत तांब्या हातात धरून तिथेच उभी राहिली.